डब्यावर ठेवलेली शिदोरी

माझ्या पुतणीचा नवरा मागच्या महिन्यात कपाशीवर फवारणी करताना शेताच्या धुऱ्यावरच भोवळ येऊन पडला. आता दवाखान्यात आहे, बरा होतो आहे. पुतणी मला विचारत होती, "काकू, तुमाले पण असंच झालतं म्हणतात. कसं वाटते वं अंदरून? हे तर काही सांगतच नाईत."

मला बोलता येत नाही. चार माणसांत तर नाहीच, चार बायकांतही नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी निघून आले. पण तेव्हापासून मनात सगळं वर येऊन राहिलं आहे. चौथीपर्यंत शाळा झाली, लिहिता येतं. म्हणून लिहिते. तिला वाचायला देण्याची हिंमत होईल की नाही, माहीत नाही.

*

माझं लग्न झालं तेव्हा आपला वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून नुकताच मुंबई राज्यात आला होता. माझं माहेर सिंदीचं, रेल्वेच्या रुळापलीकडे. गाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची. सासर समुद्रपूरच्या अलीकडे, सडकेपासून आत कोसभर.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. बाप लहानपणीच गेलेला, घरात माय एकटी. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. संध्याकाळी आली की केसांत, भुवयांवर पांढरे तंतू. मी ते वेचून काढायची आणि ती डोळे मिटून बसायची. आता कोणी मला जगातलं काहीही देऊ केलं तर मी ती एक संध्याकाळ मागून घेईन.

दिवाळी झाली. मला न्यायला सासरे येणार होते. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. माय शिदोरीच्या तयारीला लागली. रवा भाजला, गूळ चिरला, सांजोऱ्या लाटल्या. तिच्याकडे पितळेचं एकच मोठं पातेलं होतं. त्याला दिवाळीच्या आधी तिनं मुद्दाम कल्हई करून घेतली होती, नाहीतर पितळेत अन्न कळकतं, खाणाऱ्याला बाधतं. कल्हईवाल्याच्या भात्यापाशी आम्ही दोघी उभ्या होतो आणि पातेलं आतून चांदीसारखं झालं तसं माय म्हणाली, "आता कोणी माह्या पोरीच्या शिदोरीले नाव ठेवून दाखवावं."

बांबूच्या टोपलीत खाली पळसाची पानं, त्यावर सांजोऱ्या, बाजूला फडक्यात लसणाची कोरडी चटणी, वरून धुतलेलं लुगड्याचं फडकं बांधलेलं. अशी माझी शिदोरी.

*

आमच्याकडे शिदोरीचा नेम कडक होता. माहेरून निघालेली टोपली वाटेत सोडायची नाही. पाय पडतात त्या जागी टेकवायची नाही. घरी पोचल्यावर आधी देवापुढे, मग सासूनं फडकं सोडायचं, मग गावभर वाटायची. मामाजी या नेमाला फार जपत. त्यांचं पागोटं जसं कधी वाकडं झालं नाही, तसाच नेमही.

एका कापूसवाल्या सेठजीची मालमोटार कापूस घेऊन सिंदीला यायची आणि परत जाताना बाजाराचा माल न्यायची. गावचे लोकही तिच्यातच बसायचे. ड्रायव्हर रहीमभाई सगळ्यांच्या ओळखीचा. त्या दिवशी मागे मिठाची पोती होती, गुळाच्या भेल्या होत्या, सोड्याच्या बाटल्यांचे खोके होते, चहाच्या पेट्या होत्या. आणि एका कडेला पत्र्याचे नवेकोरे डबे, उन्हात चमकणारे. त्यांच्यावर फुटलेल्या कपाशीच्या बोंडाचं सुंदर चित्र होतं आणि खाली इंग्रजीत काहीतरी.

रहीमभाईनं माझ्या मायच्या हातून टोपली घेतली आणि मोटारीत खाली ठेवायला गेला. तिथं शेण होतं, चिखलाचे पाय उमटले होते.

"अरे बाप्पा, तिथं नोको ठेवू!" मामाजी ओरडले. "सुनेची शिदोरी हाये ते."

"तो फिर किधर रखूँ, दादाजी? मेरे सर पे?"

"तुह्या डोक्यावर नोको, उवा पडतीन. त्या डब्यावर ठेव. कोरा डबा हाये. बोंडाचं चित्र दिसते, सरकीचं तेल असन."

"जो भी है, सेठ का माल है. मैं कुछ पढ़ता-वढ़ता नहीं," असं म्हणून हसत रहीमभाईनं टोपली डब्यावर ठेवली आणि हलू नये म्हणून सुतळीनं बांधली.

माय खाली उभी होती. व्याह्यासमोर ती काय बोलणार. तिनं डोळ्यांनीच मला सांगितलं, टोपलीकडे लक्ष ठेवजो.

मी लक्ष ठेवलं. सगळ्या वाटेनं ती टोपलीच पाहत आले. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. मामाजी पाठ करून मिठाच्या पोत्यावर बसले होते, मी पदर ओढून दुसऱ्यावर. सडक खड्ड्यांची. मोटार आदळली की डबे एकमेकांवर वाजायचे. लसणाचा वास येत होता. मला वाटलं, मायची चटणी. त्या वासानं मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

फाट्यावर उतरलो. मी चुंबळ करून टोपली डोक्यावर घेतली तर काहीतरी ओलं कपाळावर ओघळलं. मी पदरानं पुसलं. मामाजींनी वळून पाहिलं. सुनेशी ते सरळ बोलत नसत, तरी त्या दिवशी दिवाळीच्या आनंदात होते. आकाशाकडे पाहून म्हणाले, "सरकीचं तेल पाझरलं वाटते. डोक्यालेच लागलं, बरंच झालं. यमुनीले म्हणा, आज वेणीले तेल नोको." यमुनी म्हणजे माझी नणंद, माझी वेणी तीच घालायची.

कोसभर मी ती टोपली डोक्यावर वाहिली.

*

दुपारी घरी पोचलो. देवापुढे टोपली ठेवली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फडकं सोडलं. वरच्या सांजोऱ्या साबूत होत्या. त्यातल्या दोन नैवेद्याला ठेवल्या, त्याच मामाजींनी आणि आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, खाल्ल्या. बाकीच्या साबूत सांजोऱ्या वाटायच्या म्हणून शिंक्यावर चढल्या. गावातल्या बायका वावरातून परत आल्या की वाटायच्या होत्या. खालच्या सांजोऱ्या मोटारीत आदळून मोडल्या होत्या, थोड्या भिजल्याही होत्या. मोडलेलं घरच्या बायकांचं. ते आत्याबाईंनी आणि मी खाल्लं. यमुनाबाई तेव्हा घरीच असायची, तिचा उपास होता.

"थोडं कडू लागते वं," आत्याबाई म्हणाल्या.

"गूळ कमी पडला असन गरिबाघरी," यमुनाबाईनं लगेच टोमणा मारला.

मी खाली मान घालून माझा तुकडा संपवला. मायच्या हातचं होतं. कडू म्हणून टाकते कशी.

गायी घरी येण्याच्या सुमारास माझ्या पापण्या आपोआप उडायला लागल्या. तोंडाला एवढं पाणी सुटलं की गिळून गिळून दमले. मग पोटात पिळा, मग ओकाऱ्या. सगळं अंग घामानं निथळलं. अंगण धुरकट दिसायला लागलं. मी आत्याबाईंना हाक मारायला गेले तर त्या न्हाणीपाशी बसल्या होत्या आणि त्यांच्याही तोंडातून लाळ गळत होती.

पुढचं मला तुटक आठवतं. बैलबंडीतलं तणस. आत्याबाईंचं डोकं माझ्या मांडीवर की माझं त्यांच्या, ते कळत नव्हतं. छातीवर कोणी जातं ठेवल्यासारखा श्वास. आणि यमुनाबाईचं रडणं, "कळकलेलं खाऊ घातलं वं त्या बाईनं! कल्हई नसन भांड्याले! माह्या मायले मारलं!"

*

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात मी डोळे उघडले तेव्हा तोंड इतकं कोरडं होतं की जीभ टाळूला चिकटली होती. आधी एवढं पाणी आणि आता हे. सुया टोचून टोचून दोन्ही दंड दुखत होते. पुढ्यातली माणसं नुसती रंगांची दिसायची, नर्सबाई म्हणजे पांढरा, मामाजींचं पागोटं म्हणजे लाल.

पुतणीसाठी हे मुद्दाम लिहिते. तुझा माणूस सांगत नाही, कारण सांगण्यासारखं नसतंच काही. हात थरथरतात, पेला सांडतो, लाज वाटते. लहानशा आवाजानं दचकायला होतं. डोळा लागायला आला की वाटतं, आता श्वास घ्यायचा विसरून जाईन. म्हणून माणूस जागा राहतो आणि दिवसा चिडतो. तू त्याला विचारू नको. जवळ बसजो फक्त. मला महिना-दीड महिना लागला होता, पण सगळं गेलं.

दवाखान्यात दिवस झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग नर्सबाई हात धरून नाडी बघायची. मोठी खट्याळ होती. माझे केस तिनं साबण लावून दोनदा धुतले आणि म्हणाली, "कोणतं तेल लावते गं तू? माणूस पळून जाईल अशानं." तरी वास जाईना. तिनं मला मांडीशी धरून केस पुसले तेव्हा लहान झाल्यासारखं वाटलं. परक्या गावात, परक्या बाईच्या हाताखाली. अशा गोष्टीच माणसाला उठवून बसवतात.

माझ्या एका बाजूला आत्याबाईंची खाट, त्यांचं वय झालेलं, त्या अजून डोळे उघडत नव्हत्या. दुसऱ्या बाजूला तळेगावची एक म्हातारी, पायाला जखम होऊन आलेली. तिच्या खाटेपाशी खिडकी होती आणि खिडकीबाहेर आवार. तिथं लिंबाखाली रोग्यांचे नातेवाईक तीन दगड मांडून आपापला स्वयंपाक करत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "पोरी, एक बाई सकाळपासून लिंबाखाली बसून राह्यली. इकडेच पाह्यते. सुकलेली, उंच, केसांत कापूस हाये तिच्या. तुही कोण?"

मी उशीत तोंड घातलं. माय आली होती. सिंदीहून आगगाडीनं.

तिला मामाजींनी दारातच अडवलं होतं. यमुनाबाईनं मला ते मोठ्या कौतुकानं सांगितलं. "बाबा म्हणाले, विहीणबाई, तुमच्या हातचं खाऊन दोघी पडल्या. आता कृपा करा. तिनं काही कल्हईचं सांगतलं, पण बाबाईनं आयकलंच नाई."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बसली तिथंच जाऊन चूल मांडून. कोण खाते तिचं?"

खाणारे होते. म्हातारीचा मुलगा गावी गेला होता, तिला कोणी जेवण आणायचं नाही. माय तिला भाकर आणि डाळीचं पाणी नर्सबाईच्या हाती पाठवायची. त्या वार्डात आणखी दोघीतिघींनाही. म्हातारी माझ्यासमोर बसून भाकर मोडायची आणि यमुनाबाईकडे पाहत म्हणायची, "मी जुनी खोड हाये, मले काई कळकत नाई. आन् काय मऊ भाकर वं बाई!"

त्या भाकरीचा वास येऊन मी पडून राहायची. आमच्या खाटांकडे मायच्या हातचं काहीच यायचं नव्हतं, असं मामाजींनी सांगून ठेवलं होतं. आणि यमुनाबाईनं त्याच्यापुढचं सांगून ठेवलं. "बाबा म्हणाले, बरी झाली तं झाली, पण आता माहेर बंद. त्या घरचं पाणी बी नोको आपल्याले."

दुखण्यात मरायची भीती वाटली होती, पण ती अंगाला वाटली होती. ही निराळीच. मी बरी होऊन उठले आणि मायला मात्र असं नाव घेऊन सिंदीला परत जावं लागलं तर? ती जिनिंगमध्ये कापूस निवडत बसणार आणि बायका कुजबुजणार, हिनंच आपल्या पोरीला कळकलेलं खाऊ घातलं. मी खिडकीकडे पाहायची. मला धूर दिसायचा. धुराखालची माय दिसायची नाही.

*

डॉक्टर तरुण होते. सकाळी फेरीला आले की खाली वाकून पापणी उघडून पाहायचे. त्या दिवशी ते माझ्यापाशी थांबले आणि मामाजींना म्हणाले, "बाबा, हे कळकलेल्या भांड्याचं दुखणं नाही. मला पहिल्या दिवसापासून शंका आहे. हिच्या केसांना अजून लसणासारखा उग्र वास येतोय. घरात कपाशीवर फवारायचं औषध ठेवलंय का?"

"नाई साहेब. आम्ही कधी फवारलंच नाई."

"शेजारी? भांडी त्याच्यात धुतली? पीठ त्याच्याजवळ ठेवलं?"

"नाई. हे विहिणीच्या घरचंच होये. मोडकं भांडं असन."

"शिदोरी आली कशी?"

"मोटारीनं आणली."

डॉक्टर मान हलवून पुढं वळले. आणि मला ते सगळं एकदम दिसलं. उन्हात चमकणारा डबा, बोंडाचं चित्र, कपाळावरचा ओघळ, मायच्या चटणीचा म्हणून समजलेला तो वास. चटणी तर फडक्यात घट्ट बांधलेली होती.

मला माहीत होतं. पण सासऱ्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आमच्याकडे सुना वर्षानुवर्षं बोलत नसत. आणि बोलायचं काय? की मामाजी, टोपली तुम्हीच डब्यावर ठेवायला लावली? की ते तेल म्हणून तुम्हीच हसलात? एवढ्या माणसांसमोर, डॉक्टरांसमोर?

डॉक्टर आत्याबाईंच्या खाटेपाशी गेले. लिंबाखालून कोणीतरी कोणालातरी हाक मारली. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "टोपली डब्यावर होती."

कोणाला ऐकू आलं नसेल असं वाटलं.

"काय म्हणाली?" डॉक्टर परत आले. "कोणत्या डब्यावर?"

"मोटारीत. पत्र्याचा. पाझरत होता. माझ्या डोक्यावर ओघळ आला." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "मायच्या भांड्याले कल्हई होती, साहेब. मी पाह्यली. दिवाळीच्या आधी केली."

यमुनाबाई म्हणाली, "माय वं! बाबाच्या समोर बोलून राह्यली!"

"तू चूप रायजो," मामाजी म्हणाले.

मी वाट पाहत राहिले. त्यांनी एवढंच म्हटलं असतं, की सून तापात बरळते, तर सगळं तिथंच संपलं असतं. माझ्यापेक्षा त्यांचंच खरं धरलं गेलं असतं. मला भिंतीवरचे चुन्याचे पोपडे आठवतात, एवढी मी भिंतीला लागले होते.

"साहेब," मामाजी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "ते खरं सांगून राह्यली. मीच ठेवाले लावली. जमिनीवर नोको म्हणून. बोंडाचं चित्र होतं, मले वाटलं सरकीचं तेल."

"बोंड औषधाच्या डब्यावरही काढतात, बाबा. बोंडावरच मारायचं असतं ना ते." डॉक्टर रागावले नाहीत. "उरलेलं कुठं आहे?"

मामाजींच्या हातातली काठी खाली पडली. टोपली शिंक्यावरच होती. माहेरची शिदोरी फेकत नाहीत, म्हणून कोणी हात लावला नव्हता, आणि घरात चुलतजावांची लेकरं खेळत होती. मामाजी उभ्या उभ्या बाहेर गेले. गावाकडे निघालेल्या माणसाला गाठून त्यांनी आमच्या घरच्यांना निरोप धाडला, की टोपलीसकट सगळं वावराच्या कडेला खोल पुरून टाक. कोणी खाल्लं नव्हतं. मोटार सेठजींची होती, तिच्यातला गूळ आणि मीठही कुठं कुठं गेलं असेल म्हणून डॉक्टरांनी तिकडेही माणूस पाठवला.

डॉक्टरांनी नर्सबाईला काहीतरी सांगितलं आणि आत्याबाईंना पुन्हा सुई दिली. आता ते चाचपडत नव्हते, एवढं मला त्यांच्या चालण्यावरून कळलं.

पण मामाजी परत आत आले नाहीत.

*

दुपार झाली. यमुनाबाई तोंड फिरवून बसली होती. मला वाटायला लागलं, मामाजी गावी निघून गेले. माझं तोंडही पाहायचं नसेल त्यांना. माय वाचली असेल, पण मी संपले.

तेवढ्यात तळेगावची म्हातारी कोपरावर उठून खिडकीला लागली.

"पोरी, तुहा सासरा लाल पागोट्याचाच ना?"

"हो."

"लिंबाखाली गेला वं. तुह्या मायपाशी."

मी उठून बसायला गेले. "काय म्हणून राह्यले?"

"काई नाई म्हणत. उभा हाये. तुही माय बी उभी राह्यली, पदर घेऊन." म्हातारी आणखी पुढं वाकली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, ते मला धुरकटच दिसत होतं. "आता पागोटं काढलं त्यानं. खाली ठेवलं."

यमुनाबाई उठून खिडकीशी आली.

"बसला," म्हातारी म्हणाली. "धुळीत बसला, मांडी घालून. चुलीसमोर. काहीतरी बोलला. आयकू नाई आलं वं, हे पोट्टे कल्ला करून राह्यले."

"मी आयकलं," यमुनाबाई म्हणाली. तिनं खिडकीचा गज धरला. मग तिकडंच पाहत म्हणाली, "बाबा म्हणाले, विहीणबाई, भूक लागली. भाकर वाढा."

"मग? वाढली?"

"तुही माय रडून राह्यली," म्हातारी म्हणाली, "आन् थापून राह्यली. दोन्ही संगच. वाढली. खाऊन राह्यला तो. वार्डातले सगळे माणसं पाहून राह्यले, त्याले काई नाई." ती हसली. "आता दुसरी मांगून राह्यला."

मागच्या खाटेवर काहीतरी हललं. आत्याबाईंनी डोळे उघडले नव्हते, पण ओठ हलत होते. यमुनाबाई धावत गेली आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"काय म्हणते, माय? पाणी देऊ?"

आत्याबाईंचा आवाज चिरका, पण स्वच्छ आला. "त्याच्याच घशात सगळं घालू नोका म्हणा. इहिणीले सांग, माह्यासाठी जवारीच्या पातळ कण्या ठेव."